व्याकरण नको म्हणणाऱ्यांचे इंग्रजी

इंग्रजी कसे शिकवावे याबद्दल हल्ली एक मत इतक्या गोड आवाजात मांडले जाते, की त्याला विरोध करणारा बोलायला उभा राहण्याआधीच छडीवाला मास्तर ठरतो. मत असे आहे: मुलांना व्याकरणाचे नियम सांगू नका, मेटाफर आणि सिनेकडकी असली नावे घोकायला लावू नका, भाषा कानावर पडू द्या, कविता मनाला भिडू द्या, बाकीचे आपोआप होते. पालकसभेत हे ऐकू येते, शिक्षकांच्या शिबिरात ऐकू येते, आणि 'ग्रामरशिवाय फाडफाड इंग्लिश' अशी पाटी लावणाऱ्या क्लासवाल्यांचे तर त्यावर पोट आहे. या मतात तथ्य अजिबात नसते, तर त्यावर लेख खर्ची घालायचे कारण नव्हते. तथ्य आहे, पण जिथे आहे असे सांगितले जाते तिथे ते नाही.

'आपोआप'पासूनच सुरुवात करू. मूल मातृभाषा व्याकरण न शिकता बोलते, हा या मंडळींचा हुकमाचा पत्ता. बरोबर आहे. तीन वर्षांचे पोर 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' यांत कधी घोटाळा करत नाही, आणि इथे क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे गेले आहे हे त्याला कोणी समजावलेले नसते. पण त्या पोराच्या कानावर जागेपणीचा प्रत्येक तास मराठीच पडत असते. आई, आजी, शेजारीण, भांडणे, हाका, टीव्ही. इंग्रजीच्या वाट्याला त्याच पोराच्या दिवसातली एक तासिका येते आणि तिच्यातली बरीचशी मराठीतच जाते. ज्या स्टीफन क्रॅशन यांच्या नावाने 'भाषा शिकवायची नसते, ती आत्मसात होते' हे सांगितले जाते, त्यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतात एक अट होती: समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडली पाहिजे, डोळ्यांखालून गेली पाहिजे. आपल्या प्रचारकांनी सिद्धांत घेतला आणि अट तिथेच ठेवली.

ही अट कोणाच्या घरात पुरी होते, ते उघड आहे. जिथे इंग्रजी वर्तमानपत्र येते, रात्री इंग्रजी सिनेमा लागतो आणि आई चिडली की इंग्रजीत चिडते, त्या घरातल्या मुलीला व्याकरणाची तासिका खरोखरच फुकट जाते असे वाटेल. नियम तिला घरीच, नियम न म्हणता मिळाले आहेत. ती मोठी होऊन 'आम्हाला कुठे कोणी ग्रामर शिकवले?' असे म्हणते आणि आपला अनुभव जिल्हा परिषदेच्या शाळेला लागू करते. त्या शाळेतल्या मुलाला घरी नेता येईल अशी इंग्रजीची एकच गोष्ट असते, ती म्हणजे नीट समजलेला नियम. तोही काढून घेतला, तर त्याच्याकडे पाठ केलेली चार संभाषणे उरतात आणि पाचव्या संभाषणापाशी तो गप्प होतो.

मग संशोधन पुढे केले जाते. अमेरिकेत १९६३ साली ब्रॅडक, लॉइड-जोन्स आणि शूअर यांनी लेखनशिक्षणावरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारत नाही, उलट लेखनाच्या सरावाचा वेळ खाल्ला जात असल्याने नुकसानही होऊ शकते, असे म्हटले. साठ वर्षे हे वाक्य फिरते आहे. ते ज्यांच्याबद्दल आहे, ती मुले मात्र त्याच्याबरोबर फिरत नाहीत. ती मुले इंग्रजी घरून घेऊन शाळेत येणारी होती. आपल्या मुलांना मराठीतले नाम-सर्वनाम शिकवून त्यांचे मराठी बोलणे सुधारत नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्याबद्दल माझा वाद नाही. परक्या भाषेबद्दल विचारायचे तर जॉन नॉरिस आणि लुर्देस ऑर्टेगा यांनी २००० साली केलेले एकत्रित विश्लेषण बघावे लागते. नियमाकडे उघड लक्ष वेधून शिकवणे हे न वेधता शिकवण्यापेक्षा जास्त परिणामकारक ठरते, असे त्यात दिसले. त्यावरही आक्षेप आहे, की मोजमापासाठी वापरलेल्या बऱ्याच चाचण्याच नियम येणाऱ्याला झुकते माप देणाऱ्या होत्या. आक्षेप रास्त आहे. पण त्याने 'नियम निरुपयोगी' हे सिद्ध होत नाही.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर एन. एस. प्रभू यांच्या बंगलोर प्रकल्पाचा दिला जातो, आणि तो द्यावा असाच आहे. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या काही शाळांमध्ये प्रभूंनी व्याकरणाचा पाठ बाजूला ठेवला. वर्गात रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा असे काहीतरी द्यायचे, त्यावर डोके चालवायला लावणारे काम द्यायचे, आणि मुलांचे लक्ष अर्थावर असताना व्याकरण नकळत मुरते असे धरून चालायचे. बेरेटा आणि डेव्हिस यांनी १९८५ मध्ये मूल्यमापन केले तेव्हा संदर्भासह भाषा वापरण्याच्या चाचण्यांत ही मुले सरस ठरली, आणि वाक्यरचनांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शिकलेली. प्रयोग मोलाचा होता, यात शंका नाही. पण एकेक काम रचायला प्रभूंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इंग्रजी व्याकरण तळहातासारखे माहीत असावे लागले. मुलांपुढे संज्ञा न आणणे वेगळे आणि शिक्षकालाच त्या माहीत नसणे वेगळे. आज प्रभूंच्या नावावर खपवली जाते ती बहुतेक वेळा दुसरी गोष्ट.

आता आपल्या मुलांचे प्रत्यक्ष काय अडते ते पाहू. आर्टिकल मराठीत नाही, त्यामुळे 'अ' कुठे आणि 'द' कुठे हा घोळ आयुष्यभर पुरतो. तो सर्वांना माहीत आहे, सोडून देतो. त्याहून मजेशीर जागा आहे डिरेक्ट-इनडिरेक्टची. 'तो म्हणाला, की मी उद्या येतो.' या मराठी वाक्यातला 'मी' कोण? 'तो'. मराठीला 'की' लावल्यावरही बोलणाऱ्याचा 'मी' आणि त्याचा 'उद्या' जसाच्या तसा ठेवायला काही वाटत नाही. इंग्रजीला वाटते. तिथे 'मी'चा 'तो' होतो, क्रियापद भूतकाळात सरकते, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' होतो. मराठी मुलगा कानाने इंग्रजी लिहितो तेव्हा तो 'ही सेड दॅट आय विल कम' असे लिहून मोकळा होतो, आणि येणारा माणूसच बदलतो. हे कितीही इंग्रजी गाणी ऐकून दुरुस्त होत नाही, कारण त्याला चूक ऐकूच येत नाही. मराठीच्या हिशोबाने ते वाक्य निर्दोष आहे. दोन भाषा इथे वेगळ्या वागतात, हे कोणीतरी फळ्यावर दाखवावे लागते. दाखवायला सर्वनाम, काळ, क्रियाविशेषण हे शब्द लागतात. पॅसिव्ह व्हॉइसचेही तेच. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे आणि इंग्रजीत ते साधे अ‍ॅक्टिव्ह वाक्य होते. पॅसिव्ह म्हणजे कर्मणी असे एकदा घाईत सांगून टाकले की पुढची सगळी वर्षे राम आंबा खात नाही, आंबा रामाकडून खाल्ला जातो.

यावर म्हणतील, ठीक आहे, बोलण्या-लिहिण्यापुरते व्याकरण असू द्या, साहित्याशी त्याचा काय संबंध? तर जेन ऑस्टिनची 'एमा' उघडा. १८१५ साली निघालेली ही कादंबरी आजही नवख्या वाचकाला फसवते. मिस्टर एल्टन हॅरिएटच्या प्रेमात पडला आहे असे एमाला वाटत असते. वाचकालाही तसेच वाटते, कारण निवेदन तिसऱ्या पुरुषात आणि भूतकाळात चालले आहे, म्हणजे लेखिकाच सांगते आहे असा आपला समज होतो. प्रत्यक्षात वाक्यावाक्यातून एमाचे मन बोलत असते. सर्वनाम आणि काळ इनडिरेक्टसारखे बदललेले, पण 'म्हणाली', 'वाटले' ही खुंटी काढून टाकलेली, आणि उद्गार, शंका, 'आता', 'उद्या' हे सगळे एमाचे स्वतःचे ठेवलेले. इंग्रजीत याला फ्री इनडिरेक्ट स्टाइल म्हणतात. आपण दहावीला मुलांकडून जी नरेशनची वाक्ये उलटीसुलटी करून घेतो आणि ज्यांना सगळेच कंटाळतात, त्याच नियमाचा निम्मा भाग पाळून आणि निम्मा मोडून ऑस्टिनने हे साधले. ज्याला 'नाऊ'चा 'देन' होतो हे ठाऊक आहे, त्यालाच एखाद्या ठिकाणी तो झाला नाही हे खटकते. आणि खटकले की हे मत लेखिकेचे नसून त्या पोरीचे आहे, हे त्याला कळते. व्याकरण आणि रसास्वाद यांच्यात भिंत आहे असे मानणाऱ्यांनी ही जागा एकदा नीट वाचावी.

दुसरा आक्षेप थेट साहित्याच्या संज्ञांवर आहे. कवितेला सिमिली-मेटाफरच्या चिमट्यात धरले की ती मरते, म्हणे. कविता इतकी नाजूक असती तर ती शतकानुशतके टीकाकारांच्या हातून वाचलीच नसती. पण थट्टा सोडू. संज्ञांशिवाय, केवळ मनाला भिडू देऊन कविता वाचली की काय होते, याचा प्रयोग झालेला आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या, त्यांचे अभिप्राय लेखी घेतले आणि त्यावर १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक लिहिले. इंग्रजी ज्यांच्या घरची, आणि शिक्षण ज्यांचे महागाचे, अशी ही मुले. भिडण्याबाबत तक्रार नव्हती. कविता त्यांना जोरदार भिडत होत्या. फक्त कवितेत काय म्हटले आहे तेच पुष्कळांना लागत नव्हते. वाचनातल्या अडचणींची जी यादी रिचर्ड्सनी केली, तिच्यात पहिली अडचण साधा अर्थ न लागण्याची आहे. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, हे शब्द कोणाला उद्देशून आहेत, हे न कळताच माणसे गहिवरत होती.

याच रिचर्ड्सची आणखी एक गोष्ट आपल्याला अधिक जवळची. १९३६ साली निघालेल्या 'द फिलॉसॉफी ऑफ ऱ्हेटरिक'मध्ये त्यांनी तक्रार केली, की मेटाफरबद्दल बोलायचे तर त्याच्या दोन अंगांना वेगवेगळी नावे हवीत आणि इंग्रजीत ती धड नाहीत. म्हणून त्यांनी टेनर आणि व्हेइकल अशा दोन संज्ञा पुढे केल्या. आपल्या नववी-दहावीच्या मुलाला उपमेय आणि उपमान आधीच ठाऊक असतात. शिवाय साधर्म्य नुसते दाखवले की उपमा, 'जणू तेच' म्हटले की उत्प्रेक्षा, भेदच पुसला की रूपक, हा बारकावाही त्याच्याकडे असतो. आणि इंग्रजीच्या तासाला आपण काय करतो? हे सगळे मराठीच्या वहीत बंद करून 'लाइक किंवा अ‍ॅज आले की सिमिली' असे सांगतो. केंब्रिजच्या प्राध्यापकाला जे जुळवावे लागले ते मराठी पोराच्या दप्तरात असताना आपण त्याला रिकामा समजतो. संज्ञा जास्त झाल्याची ओरड करणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या मते मराठीच्या वर्गातूनही अलंकार हद्दपारच व्हायचे आहेत.

'ज्युलियस सीझर'मधले अँटनीचे भाषण घ्या. सीझरला मारणाऱ्यांपैकी ब्रूटसने त्याला बोलायची परवानगी दिली आहे ती आम्हाला दोष द्यायचा नाही या अटीवर. अँटनी अट मोडत नाही. तो ब्रूटसला पुन्हापुन्हा आदरणीय म्हणतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या आधी असे काही ठेवतो की तो शब्द आणखी थोडा किडतो. शेवटी तो नुसता उच्चारला तरी जमाव पेटतो. वर्गात हे वाचून दाखवले की मुलांना मजा येते, अंगावर काटाही येतो. पण 'इथे नेमके काय झाले?' असे विचारले, की ज्याच्याकडे आयरनी हा शब्द नाही तो म्हणतो, 'तो टोमणा मारतो.' टोमणा तर पहिल्या वाक्यातच कळला असता आणि अँटनी तिथेच अडकला असता. ब्रूटसच्या माणसांना स्तुती ऐकू यावी, गर्दीला आधी स्तुती आणि मग हळूहळू उलटे ऐकू यावे, आणि प्रेक्षकाला दोन्ही एकदम, अशी ती योजना आहे. आयरनी आणि टोमणा हे दोन वेगळे खण डोक्यात असले तरच हा फरक ठेवायला जागा मिळते. जोनाथन स्विफ्टच्या १७२९च्या 'अ मॉडेस्ट प्रपोझल'मध्ये आयर्लंडच्या गरिबांनी आपली मुले श्रीमंतांना खायला विकावीत, अशी गंभीर चेहऱ्याने केलेली सूचना आहे. ते मनाला जसे भिडेल तसे भिडू द्या, असे कोणी म्हणणार आहे का? ब्राउनिंगच्या 'माय लास्ट डचेस'मधला सरदार आपल्या मेलेल्या बायकोबद्दल जे बोलतो, त्याला आपल्याकडच्या उत्तरपत्रिकेत सर्रास 'कवी म्हणतो' असे लिहिले जाते. ड्रॅमॅटिक मोनोलॉग ही संज्ञा नीट शिकवली असती, तर निदान हा आळ ब्राउनिंगवरून टळला असता.

आता त्या मतातले तथ्य. आपण संज्ञा ज्या रीतीने शिकवतो, ती बघून कोणालाही त्या काढून टाकाव्याशा वाटतील. बारावीच्या मुलाला विसेक अलंकारांची यादी देतात. ओळ समोर येते, तो अलंकार ओळखतो आणि ठरलेले उत्तर लिहितो: अमुक अक्षर पुन्हा आले आहे म्हणून अ‍ॅलिटरेशन, 'फॉर पोएटिक इफेक्ट'. कसला इफेक्ट, ते मुलाने विचारू नये आणि सरांनी सांगू नये असा अलिखित करार असतो. त्यातही अक्षर मोजायचे, की आवाज, याचा पत्ता नाही. इंग्रजीत 'सी'ने सुरू होणारे दोन शब्द, एक 'सिटी' आणि एक 'कॅट', शेजारी आले तरी त्यात अनुप्रास नसतो, कारण कानाला एकदा 'स' लागतो आणि एकदा 'क'. मूल मात्र डोळ्याने दोन सी बघून खूण करते आणि गुणही घेऊन जाते. हे फक्त आपल्याकडेच चालते असे नाही. इंग्लंडमध्ये २०१३ पासून दहा-अकरा वर्षांच्या मुलांना व्याकरणाची सरकारी परीक्षा आली. तिथे २०१६ मध्ये उद्गारवाचक वाक्य कशाला म्हणायचे हे ठरवताना, 'व्हॉट' किंवा 'हाऊ'ने सुरू झाले आणि त्यात क्रियापद असले तरच, असा दंडक निघाला. म्हणजे मूल घाबरून ओरडले, तर ते परीक्षेच्या दृष्टीने उद्गार नव्हे! मायकल रोझनसारखे मुलांसाठी लिहिणारे कवी त्यावर तुटून पडले, ते योग्यच केले.

पण रोग लेबल चिकटवण्याचा असताना औषध म्हणून शब्दच जाळायचे, हे कुठले वैद्यक? हेच शब्द पूर्वी कसे शिकवले जात ते बघा. इरॅस्मसने १५१२ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स शाळेसाठी 'दे कोपिया' हे पुस्तक केले. त्यात 'तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला' या एका वाक्याची त्याने शंभराहून जास्त रूपे करून दाखवली: कर्ता बदलून, नकार वापरून, अतिशयोक्ती करून, रूपक घालून. अलंकार ओळखायचा नव्हता, करायचा होता. शेक्सपियर ज्या प्रकारच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकला असे अभ्यासक मानतात, तिथे हीच तालीम होती, तीही लॅटिनमधून, म्हणजे त्याच्याही दृष्टीने परक्या भाषेतून. जॉर्ज पुटनम याने १५८९ साली 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' लिहिताना ग्रीक संज्ञांना इंग्रजी टोपणनावे दिली. हायपरबलीला त्याने चक्क मोठ्याने खोटे बोलणारा म्हटले. यादी त्याचीही लांबलचक आहे, पण प्रत्येक अलंकार त्याला एखाद्या खोडकर माणसासारखा दिसतो आणि तो काय उद्योग करतो ते तो सांगतो.

साहेबाने लादलेली गोष्ट म्हणून व्याकरण फेकून द्या, असाही एक सूर असतो. 'रेन अँड मार्टिन' या व्याकरणाच्या पुस्तकातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता आणि पुढे 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहून गाजला, हे खरे. त्या पुस्तकातली नमुनावाक्ये आज विनोदी वाटतात, हेही खरे. पण पाणिनीच्या देशात व्याकरणाला परकीय म्हणायला वेगळेच धाडस लागते.

राहता राहिला खरा प्रश्न, जो या वादात कोणी काढत नाही: तपासणार कोण? 'अलंकार ओळखा' याला एक गुण देणे सोपे आहे. उत्तरसूचीत एक शब्द असतो. 'या ओळीतले रूपक काढून सरळ वाक्य लिहा आणि काय गेले ते दोन ओळींत सांगा', किंवा 'हा उतारा त्या पात्राच्या नजरेतून आहे हे कोणत्या शब्दावरून ओळखले?' असा प्रश्न घातला, तर प्रत्येक उत्तर वेगळे येणार, परीक्षकाला ते वाचावे लागणार, आणि पेपरमागे मिळणाऱ्या मानधनात व दिवसाच्या गठ्ठ्यात ते बसत नाही. संज्ञा निर्जीव झाल्या त्या इथे, या गठ्ठ्याखाली. 'व्याकरण नको' म्हणणाऱ्यांनी यातल्या एकाही गोष्टीला हात घातलेला नाही. परीक्षा तशीच, वर्गातली साठ मुले तशीच, परीक्षकाचा दर तसाच. फक्त अभ्यासक्रमातून चार पाने कमी. ती पाने आधीपासून येणाऱ्या मुलांना त्याने काही फरक पडणार नाही. ज्यांना ती दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत, ती मुले पालकसभेत बोलायला उभी राहत नाहीत, आणि त्यांचे आईबाप बहुधा त्या वेळी कामावर असतात.